हलगी पाहिजे, शब्द नको!

समुद्राच्या काठाला सध्या कलेचं पीक आलंय. जिथं वाळू आणि हॉटेल, तिथं महोत्सव. सागर महोत्सव, पर्यटन महोत्सव, अमुक बीच महोत्सव. रंगीत पत्रकाच्या तळाला एक ओळ ठरलेली असते : 'स्थानिक कलावंतांना हक्काचं व्यासपीठ'. ही ओळ वाचली की आमची पोरं हुरळून जातात. हुरळू नका. आधी विचारा, स्थानिक म्हणजे कोण? ज्याच्या आजाकडं खाडीकाठची खोती होती तो? काल येऊन होम-स्टे टाकलेला पुण्या-मुंबईचा बंगलेवाला? बोटीचा मालक? बोटीवरचा खलाशी? की गावाच्या टोकाला, डांबर संपतं तिथं, बौद्धवाडीत राहणारा माणूस? तोही स्थानिकच म्हणा. फक्त त्याची आठवण वाजवायची वेळ आली की होते, एरवी नाही.

मी हे हवेत बोलत नाही. आमचं पथक आहे. मुंबईच्या वस्तीतली सात पोरं-पोरी, दोन हलग्या, एक ढोलकी, एक पेटी आणि आमची स्वतःची गाणी. कोकणातल्या एका किनारी गावाच्या महोत्सवाचं बोलावणं आलं. आमच्यातल्या दोघांचं मूळ गाव तेच, म्हणून आम्ही 'स्थानिक'. बोलावणाऱ्यांचं नाव छापत नाही. सगळ्यांची पत्रकं एकाच साच्यातली, एकाला झोडून काय होणार? फोनवर गृहस्थ फार गोड बोलले. "तुमची हलगी म्हणजे काय हो, अंगावर काटा येतो!" मग हळूहळू अटी बाहेर पडल्या. प्रमुख पाहुण्यांची गाडी आली की फाटकापासून मंडपापर्यंत वाजवत पुढं चालायचं. डोक्याला मुंडासं, अंगात बाराबंदी, ते पुरवणार. मंचावर चढायचं नाही, मंच ऑर्केस्ट्राला दिलाय. गाणी? "गाणी नकोत हो, तुमच्या गाण्यांत राजकारण येतं. लोक कुटुंब घेऊन येतात." मानधन? "जेवण आहे, येण्याजाण्याचं बघू. शिवाय प्रसिद्धी मिळेल की!"

यात कला कुठं आहे ते मला कुणी दाखवून द्यावं. पाटलाच्या वरातीपुढं महार-मांगानं वाजवत चालायचं, हे आमच्या आज्या-पणज्यांनी केलं. त्याला बलुतं म्हणत. आता त्याला 'लोककला दालन' म्हणतात. बलुत्यात सुगीला पेंढी-पायली तरी पदरात पडायची, इथं प्रसिद्धी पडते.

यावरून वस्तीत दोन तट पडले. एक आमचे आण्णा, नव्वदीला टेकलेले. म्हणाले, "छप्पन्न साली आम्ही हलगी विहिरीत टाकली. ढोर ओढणं सोडलं, येसकरकी सोडली, जत्रंत वाजवणं सोडलं. उपाशी राह्यलो, पन सोडलं. आन् तुमी बी. ए. होऊन ती परत गळ्यात घालता?" दुसऱ्या तटावर पोरं. त्यांचं म्हणणं, कला ती कला, आता जात कोण बघतं, एकदा मोबाइलवर फिरलो की पुढं सगळं सोपं. मला दोघांशीही भांडायचंय. आण्णांशी मान राखून, पोरांशी न राखता.

हे भांडण आपल्या आधी आणि आपल्यापेक्षा मोठ्या आवाजात दुसऱ्या एका किनाऱ्यावर झालंय. मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या. जरा तिकडं चला. तिथं आपल्या कामाचं बरंच पडलंय.

चेन्नईच्या दक्षिण अंगाला, अड्यार नदी समुद्राला मिळते त्याच्या जवळ, ऊरूर-ऑल्कॉट कुप्पम ही मच्छीमारांची वस्ती आहे. कुप्पम म्हणजे आपला कोळीवाडा धरा. एका बाजूला थिऑसॉफिकल सोसायटीची गर्द झाडी, दुसऱ्या बाजूला बेझंट नगरचे पैसेवाले, मध्ये वाळूत ओढलेल्या होड्या. नावातला ऑल्कॉट म्हणजे तोच अमेरिकन कर्नल, ज्यानं १८९४ साली मद्रासेत अस्पृश्यांच्या पोरांसाठी मोफत शाळा काढली. तिकडं अस्पृश्यांना तेव्हा पंचम म्हणत. याच ऑल्कॉटच्या मदतीनं १८९८ साली पंडित अयोती दास सिलोनला गेले, पंचशील घेऊन बौद्ध होऊन आले आणि मद्रासेत शाक्य बौद्ध संघ काढला. नागपूरच्या दीक्षेच्या अठ्ठावन्न वर्षं आधी! १९०७ साली त्यांनी साप्ताहिक काढलं, 'ओरु पैसा तमिळन', एका पैशाचा तमिळ माणूस. किंमत खरंच एक पैसा. जातीनं ओळख सांगू नका, जात नसलेले तमिळ म्हणवून घ्या, ही त्यांची शिकवण. आमच्या अभ्यासू पोरांना फ्रान्सचे तत्त्वज्ञ तोंडपाठ असतात, अयोती दास कोण म्हटलं की तोंड बघत बसतात. गोलमेज परिषदेला बाबासाहेबांच्या सोबत बसलेले रेट्टैमलै श्रीनिवासन त्याच मद्रासचे, हेही किती जणांना ठाऊक आहे?

तर या कुप्पममध्ये २०१५ साली कर्नाटक संगीतातले मोठे गवई टी. एम. कृष्णा आणि पर्यावरणाच्या चळवळीतले नित्यानंद जयरामन यांनी वस्तीतल्या लोकांना धरून कलेचा उत्सव सुरू केला. त्याची पाठभूमी अशी, की चेन्नईत दर डिसेंबर-जानेवारीत, तमिळ मार्गळी महिन्यात, 'सभां'चा हंगाम असतो. सभा म्हणजे संगीताच्या संस्था. सगळ्यांत मानाची म्युझिक अकॅडमी, १९२८ सालची. गाणारे बहुतेक बामण, ऐकणारे बामण, कँटीनमध्ये कॉफी पिणारे बामण. ही माझी शिवी समजू नका. कृष्णा त्याच जातीत जन्मले आणि तेच हे चारचौघांत सांगत आलेत. २०१५ सालीच त्यांनी त्या हंगामात गाणं बंद केल्याचं जाहीर केलं. कुप्पममध्ये मासळीच्या वासात त्यांची कचेरी झाली, भरतनाट्यम झालं, आणि परैआट्टमही झालं. परै म्हणजे चुलत्याच्या घरची हलगी. एका तोंडाचं, कातड्याचं, आगीवर शेकून ताणायचं वाद्य. त्या वाद्यावरून परैयर ही जात, आणि त्या जातीवरून इंग्रजांनी जगभर नेलेला 'पॅरिया' हा शब्द.

कृष्णांना २०१६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. फार वाहवा झाली. पण एक प्रश्न राहतोच, आणि माझाही पहिला प्रश्न तोच : तुमची कचेरी ऐकायला आम्ही ताटकळत बसलो होतो का? देवळात या, पंगतीत या, आता मैफलीत या. बोलावणारे तुम्ही, चौकट तुमची, आणि आम्ही यायचं हे आमचं भाग्य! हे खरं, की या माणसानं स्वतःच्या जातीचे शिव्याशाप खाल्ले. २०२४ साली अकॅडमीनं त्यांना संगीत कलानिधी जाहीर केला तेव्हा काही गवयांनी त्या हंगामावर बहिष्कार टाकला. प्रामाणिक माणूस आहे. तरी सांगा, त्या उत्सवाच्या बातम्यांतून तुम्हाला कृष्णांचं नाव कळलं. परै वाजवणाऱ्या एकाचं तरी कळलं? उत्सव वस्तीत झाला आणि नाव गवयाचं झालं. वर्तमानपत्रांना जे दिसायची सवय आहे तेच दिसतं.

दुसरी गोष्ट आपल्याच लोकांना सांगायची आहे. किनारा म्हटला की आपण सगळे एक, शोषित तेवढे भाऊ, असं भाषणात छान वाटतं. तमिळ किनाऱ्यावरच्या मच्छीमार जाती अस्पृश्य नाहीत. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर काय झालं ते जुने पेपर काढून वाचा. मदतछावण्यांतून दलितांना वेगळं काढलं, पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही. भरपाई बोटींची आणि जाळ्यांची. ज्याची बोटच नव्हती, जो दुसऱ्याच्या बोटीची मासळी वाहून पोट भरत होता, त्याचं काय बुडालं ते कुणी मोजायचं? म्हणून 'किनाऱ्यावरचा समाज' हा शब्द कुणी टाकला की लगेच टाळी वाजवू नका. त्या समाजाची वाडी कुठली आणि विहीर कुठली, एवढं विचारा.

आता आण्णांच्या हलगीकडं येतो. तमिळनाडूतही परैयर तरुणांनी ठिकठिकाणी परै वाजवायचं नाकारलं. सवर्णाच्या घरी मयत झालं की यांनी मसणवाटेपर्यंत वाजवायचं, ही सक्ती. ती झुगारली म्हणून मारही खाल्ला. आण्णांनी केलं तेच हे, आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. पण तिथंच दुसऱ्या पोरांनी तेच वाद्य उलटं धरलं. दिंडीगलच्या शक्ती पथकात दलित मुली परै वाजवतात. जे वाद्य बाईच्या हातात कधी दिलं नव्हतं ते खांद्याला अडकवून, पायात चाळ बांधून, कुणाच्या मयताला नव्हे तर स्वतःच्या सभेत वाजवतात. आण्णा, तुम्ही विहिरीत टाकलीत ती पाटलाची हलगी. वाजवायला लावणारा हुकूम तुम्ही बुडवलात. नाद बुडवायचा नव्हता, तो आमचाच होता. हा हिशेब तुमच्या पिढीनं केला नाही, कारण तुम्हाला तेवढी उसंतच नव्हती. आम्हाला आहे.

कातड्याचंही ऐका. सभेत गवयाच्या शेजारी मृदंगम ठेवलेला असतो. त्याला गाईचं, म्हशीचं, बकरीचं कातडं लागतं. ते निवडणारी, सोलणारी, ताणून बसवणारी माणसं बहुतेक दलित, बरीचशी दलित ख्रिस्ती. वाजवणारा पंडित, बनवणारा बिननावाचा. कृष्णांनी या माणसांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक २०२० साली काढलं. प्रकाशनाला समुद्राजवळच्याच कलाक्षेत्रानं आधी सभागृह दिलं आणि मग वादाचं कारण पुढं करून काढून घेतलं. ही १९३६ सालची संस्था. देवदासींच्या नाचाला धुऊनपुसून भरतनाट्यम म्हणून सभ्य घरांत नेण्यात तिचा मोठा वाटा. मृदंगम सभागृहात चालतो, तो कुणी आणि कशाचा बनवला हे बोललेलं चालत नाही. आमच्या फोनवरच्या गृहस्थांचं आणि त्यांचं म्हणणं एकच : हलगी पाहिजे, शब्द नको.

या जागेवर बोट ठेवा. वाद्याला कुणाची ना नाही. वाद्य मुकं असतं. त्याच्यावर टाळ्या वाजवता येतात, अंगावर काटा आणता येतो, फोटो काढता येतो. शब्द आला की ह्यांच्या पोटात गोळा येतो.

म्हणून चेन्नईच्या किनाऱ्यावरचा मला पटलेला धडा कुप्पमचा नाही, उत्तर चेन्नईचा आहे. बंदर, गोदी आणि कारखान्यांच्या आसपासच्या दलित कष्टकरी वस्त्यांत 'गाना' नावाचं गाणं जन्मलं. मयताच्या रात्री प्रेताशेजारी बसून गायचं, मेलेल्याच्या आयुष्याचं, उधारीचं, दारूचं, प्रेमाचं. सभ्य लोक नाक मुरडायचे. सिनेमावाल्यांनी त्यातली फक्त टवाळी उचलली. मग दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम संस्थेनं संगीतकार टेन्मा यांच्यासोबत या गायकांना गोळा केलं आणि जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'चा पहिला कार्यक्रम झाला. नाव अयोती दासांच्या त्या शिकवणीतून घेतलेलं. अंगात सूट. हो, सूट! बाबासाहेबांनी घातला तोच. मुंडासं नाही, बाराबंदी नाही. आणि गाणी कशावर? आरक्षणावर, गोमांसावर, सन्मानाच्या नावाखाली केलेल्या खुनांवर. इसैवाणी ही त्यांच्यातली गायिका, गानासारख्या पुरुषी मैदानात उतरलेली बाई. २०२० साली बीबीसीनं जगातल्या शंभर बायांच्या यादीत तिला घेतलं. डिसेंबर २०२० पासून नीलमनं मार्गळीच्या त्याच हंगामात लोकसंगीताचा स्वतःचा महोत्सव मांडला. ह्यांनी कुणाच्या सभेचं दार ठोठावलं नाही. त्याच शहरात, त्याच महिन्यात दुसरा मंच घातला.

तरी पोरांनो, शब्द गेला म्हणजे काम झालं असंही नाही. त्याच पथकातला अरिवु. मार्च २०२१ मध्ये त्याचं 'एंजॉय एंजामी' आलं आणि जगभर वाजलं. त्या शब्दांमागं त्याची आजी आहे, सिलोनच्या चहामळ्यात राबलेली, जमीन नसलेली बाई. ऑगस्ट २०२१ मध्ये एका मोठ्या संगीत मासिकानं या गाण्यासंबंधी मुखपृष्ठ काढलं, त्यावर अरिवु नाही! ओरड झाली तेव्हा त्याचं वेगळं मुखपृष्ठ आलं. २०२२ साली चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनात हे गाणं झालं, तिथंही अरिवु नाही. त्यानं जाहीर लिहिलं. बाकीच्यांनीही आपापली बाजू मांडली. कोण किती खरं ते त्यांचं ते बघतील. मला एवढंच दिसतं की ज्याच्या आजीचं दुःख, तो फोटोत नव्हता. तेव्हा मोबाइलवर फिरण्याचं स्वप्न बघणाऱ्यांनी आपलं नाव कुठं, कसं आणि किती मोठ्या अक्षरांत छापणार हे आधी कागदावर घ्यावं.

कृष्णांच्या पारड्यात एक गोष्ट टाकायचीच राहिली. जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी एन्नोरच्या खाडीवर 'पोरंबोक'चं गाणं केलं, शब्द कबेर वासुकी यांचे. पोरंबोक म्हणजे कुणा एकाच्या मालकीची नसलेली जमीन, आपलं गायरान धरा. अशा जमिनीवर जगणाऱ्या माणसालाही पोरंबोक म्हणतात, शिवी म्हणून. वीजकेंद्रांच्या राखेनं भरत चाललेल्या खाडीत उभं राहून, शास्त्रीय रागात, रस्त्यावरच्या तमिळमध्ये ते गायले. इथं मी मान देतो. इथं कलेच्या हातात मागणी आहे. आता आपल्याकडं बघा. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात, १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली, आमची बायामाणसं पोरं काखेत घेऊन तुरुंगात गेली. त्या गायरानाचं एक तरी गाणं आमच्या किनाऱ्यांवरच्या कुठल्या महोत्सवात कुणी ऐकलंय?

मुंबईत ससून डॉक आहे, १८७५ सालचा. २०१७ साली तिथं कलावाल्यांनी मोठं प्रदर्शन भरवलं. भिंतीभर राबणाऱ्या माणसांचे मोठाले चेहरे लावले. शहर नाकाला रुमाल लावून बघायला लोटलं. चित्रं चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पण भिंतीवर चेहरा चढला आणि खाली कोलंबी सोलणाऱ्या बाईची बोटं बर्फात तशीच राहिली. तिला कुणी माइक दिला असता तर ती चेहऱ्यांवर बोलली नसती, भावावर बोलली असती.

आणि ज्याला खरा किनाऱ्यावरचा कलामेळा म्हणावं तो कुणाला दिसतच नाही. ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या समुद्रकाठी बाबासाहेबांचं दहन झालं. १९७१ साली तिथं चैत्यभूमीचा स्तूप उभा राहिला. दर सहा डिसेंबरला तिथं आणि शिवाजी पार्कात काय नसतं? पुस्तकं, पत्रकं, दिनदर्शिका, चित्रं, मूर्ती, फूटपाथवर सतरंजी टाकून गाणारी पथकं. ना आमंत्रणपत्रिका, ना प्रायोजक. खेड्यापाड्यातून भाकरी बांधून आलेली माणसं उभ्यानं ऐकतात आणि पुस्तक विकत घेऊन जातात. या शहराचे कलासमीक्षक त्या दिवशी कुठं असतात? पेपरांना कचरा दिसतो, रेल्वेची गर्दी दिसते. अर्थात आपलंही सगळं सोनं नाही. भोंग्यांचा आवाज एवढा की शेजारच्या म्हातारीचं ओवीसारखं भीमगीत ऐकू येत नाही. ती मरेल आणि गाणं तिच्याबरोबर जाईल. त्याचं आधी बघा.

जलसेवाल्यांनी हे सगळं कधीच सोडवून ठेवलं होतं. भीमराव कर्डकांच्या काळातल्या जलशांनी तमाशाचा बाज घेतला, गण-गवळण काढून टाकली आणि त्या जागी बाबासाहेबांचा विचार घातला. ढोलकी तीच, शब्द आमचा. शब्दाची किंमतही आमच्या लोकांना माहीत आहे. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर जुलै १९९७ मध्ये शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवलं. कबीर कला मंचाच्या पोरा-पोरींना तुरुंग बघावा लागला. नुसती हलगी वाजवली म्हणून आजवर कुणाला आत टाकलंय? हलगीला जामीन लागत नाही.

आम्ही त्या महोत्सवाला पत्र पाठवलंय. फाटकावर वाजवणार नाही, मंचावर वाजवू. ऑर्केस्ट्राला ज्या हिशेबानं पैसे, त्याच हिशेबानं आम्हाला, निम्मे आगाऊ. पत्रकात 'लोककला पथक' नको, सातही जणांची नावं पाहिजेत, पोरींची आधी. कपडे आमचे. हलगीबरोबर गाणी येणार, कुठली ते आम्ही ठरवणार, आधी तपासायला देणार नाही. त्यातलं एक बौद्धवाडीला अजून न आलेल्या नळावर आहे, ते पहिलं. पत्र आण्णांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाव्हना आला म्हनून उठून उभं ऱ्हानार न्हाई, हे बी लिव्हा." लिहिलं.

उत्तर आलं तर पुढच्या अंकात छापू. न आलं तरी त्या संध्याकाळी आम्ही त्याच गावात, बौद्धवाडीच्या अंगणात वाजवणार आहोत. सात वाजता. येताना बसायला काहीतरी घेऊन या, सतरंज्या कमी आहेत.